प्रतिकाराची मुदत



गुरुजींच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत आजवर इतिहास झाला, संतसाहित्य झालं, सहकार झाला. यंदा वनस्पतिरोगाचा माणूस बोलवावा असं कार्यकारिणीत कुणाला सुचलं ते मला ठाऊक नाही. विषय मात्र या जिल्ह्याला परका नाही. भातावर कडा करपा नावाचा जो जीवाणूजन्य रोग पडतो, त्याची भारतातली पहिली नोंद महाराष्ट्रातली आहे, १९५१ सालची, आणि तीही तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातली, म्हणजे तुमच्या-आमच्या रायगडातली. शास्त्रीय नियतकालिकात ती छापून यायला १९५९ साल उजाडलं. जपानच्या फुकुओका भागात हा रोग १८८४ पासून शेतकऱ्यांच्या ओळखीचा होता. आपल्याकडे पहिली काही वर्षं त्याच्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. मग १९६३ साली बिहारच्या शाहाबाद जिल्ह्यात त्याची साथ आली. पाठोपाठ हरितक्रांतीचं पहिलं बुटकं भात तायचुंग नेटिव्ह १ आपल्या खाचरांत उतरलं. खत मागणारं, दाट फुटवे देणारं आणि या जीवाणूला अगदी सहज बळी पडणारं. त्यानंतर मात्र दुर्लक्ष करणं कुणालाच परवडलं नाही.

आज मी भाताच्या जनुकांबद्दल बोलणार आहे, पण आधी रोग डोळ्यांसमोर आणू. पानाच्या टोकापासून कडेकडेनं एक पिवळट पट्टा खाली उतरू लागतो. त्याची आतली कड सरळ नसते, नागमोडी असते. सकाळी लवकर गेलात तर त्या पट्ट्यावर दुधट-पिवळे बारीक थेंब दिसतात, ऊन चढलं की ते वाळून खड्यासारखे होतात. खात्री करायची असेल तर प्रयोगशाळा लागत नाही. पट्ट्याच्या कडेचा तुकडा कापायचा, स्वच्छ पाण्याच्या ग्लासात उभा धरायचा आणि ग्लास उजेडासमोर न्यायचा. काही मिनिटांत कापलेल्या टोकातून धुरासारखी पांढुरकी रेघ पाण्यात उतरू लागते. ते सगळे जीवाणू. एका पानात ते कोट्यवधी असतात, आणि हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या जीवाणूला पान भोकसता येत नाही, उघडं दार मिळालं तरच तो आत जातो. पानाच्या कडेला जी सूक्ष्म जलरंध्रं असतात, जिथं पहाटे पाण्याचे मणी दिसतात, ते एक दार. दुसरं दार जखमेचं. तरवा उंच झाला की लावणीच्या आधी त्याचे शेंडे छाटण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. लावणी सोपी होते हे खरं, पण रोग असेल तर एकाच विळ्यानं आपण तो चुडीचुडीला पोचवतो. गंमत अशी की रोगशास्त्रज्ञ हेच मुद्दाम करतात. जीवाणू मिसळलेल्या पाण्यात कात्री बुडवायची, पानांचे शेंडे कापायचे आणि साधारण चौदा दिवसांनी पट्टा किती खाली आला ते पट्टीनं मोजायचं. १९७३ साली फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत कॉफमन आणि सहकाऱ्यांनी ही रीत रूढ केली, ती आजही तशीच चालते. बळी पडणाऱ्या वाणात पट्टा वीतभर उतरतो, प्रतिकारक वाणात पेरभर जाऊन थांबतो. या शास्त्रातली कितीतरी मोठी विधानं शेवटी त्या पट्टीवरच्या सेंटिमीटरांवर उभी आहेत.

आता तो पट्टा कुठं थांबतो आणि कुठं थांबत नाही, हे ठरवतं कोण?

याचं पहिलं नीट उत्तर भातातून आलं नाही, अळशीतून आलं. अमेरिकेच्या नॉर्थ डकोटात हॅरॉल्ड फ्लोर यांनी १९४०च्या दशकात अळशीचा तांबेरा तपासताना रोपाचेही संकर केले आणि बुरशीचेही. त्यांना दिसलं की रोपातल्या प्रत्येक प्रतिकार-जनुकासमोर बुरशीत एक जोडीचं जनुक असतं. दोन्ही हजर असतील तरच प्रतिकार होतो. याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. रोप रोगाला ओळखतं ते त्याच्याजवळच्या एखाद्या विशिष्ट वस्तूवरून. ती वस्तू रोगकारकानं टाकून दिली किंवा जराशी बदलली, की जनुक जागच्या जागी असूनही रोप आंधळं. म्हणजे प्रतिकार हा रोपाचा एकट्याचा गुण नव्हेच. तो समोरच्यावरही अवलंबून असतो, आणि म्हणून त्याला मुदत असते. मला आज सांगायचं आहे ते या मुदतीबद्दल.

कडा करप्याचं पहिलं मोठ्या प्रमाणावर वापरलेलं जनुक एक्सए ४. तमिळनाडूच्या टीकेएम ६ या वाणातून ते आयआर २० मध्ये गेलं आणि पुढे फिलिपिन्सच्या संस्थेच्या बहुतेक वाणांत. काही वर्षं फिलिपिन्समध्ये त्यानं चोख काम केलं. मग शेतांत जीवाणूची वेगळी जात वाढत गेली, जिला हे जनुक अडवू शकत नव्हतं. कुणी तिला बाहेरून आणलं नव्हतं. लाखो हेक्टरवर एकच अडथळा उभा केल्यावर तो ओलांडणाऱ्याचीच पैदास होणार, दुसरं काय? आपल्याकडच्या बऱ्याच जीवाणूंवर तर एक्सए ४ पहिल्यापासूनच फारसं चाललं नाही. तिकडं प्रमाणपत्र मिळालेला वाण इकडं आडवा होतो, याचं हे एक साधं कारण.

मग आली ती एक्सए २१ ची गोष्ट. ती मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण तिच्यात या शास्त्राचं सगळं काही आहे.

पश्चिम आफ्रिकेतल्या मालीमधून आलेलं ओरायझा लाँगिस्टॅमिनाटा नावाचं रानभात. जमिनीखालच्या खोडानं पसरणारं, उत्पादनाच्या दृष्टीनं कुचकामी, शेतकऱ्यानं उपटून टाकावं असं. त्याचा एक नमुना कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेत आला. तिथं एस. देवदत्त यांनी त्याच्यावर त्यांच्याकडच्या जीवाणूंच्या जाती सोडून पाहिल्या. रोप ढिम्म. १९७८ साली हा नमुना फिलिपिन्सला गेला. तिथं गुरुदेव खुश आणि सहकाऱ्यांनी त्याचा आयआर २४ शी संकर केला. रानटी आणि लागवडीच्या भाताचा संकर म्हणजे वांझपणा, दाणे न भरणं, रानटी गुणांचा पसारा. तो सारा पिढ्यान् पिढ्या गाळत, फक्त प्रतिकार राखत, १९९० साली त्यांनी जाहीर केलं की हा प्रतिकार मुख्यतः एकाच प्रभावी जनुकाचा आहे. पेरणारा पंजाबी, शेत फिलिपिन्सचं, जनुक आफ्रिकेचं आणि ते ओळखलं ओडिशात.

१९९५ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पामेला रोनाल्ड यांच्या प्रयोगशाळेनं हे जनुक वेगळं काढलं. ते अकराव्या गुणसूत्रावर आहे. त्यापासून बनणारं प्रथिन पेशीच्या पडद्यात बसतं, एक टोक बाहेर आणि एक आत. बाहेरचं टोक चाहूल घेतं, आतलं टोक इशारा पुढे देतं. पुढच्या तीन-चार वर्षांत फळमाशीत आणि उंदरात याच धाटणीचे पहारेकरी सापडले. त्या कामासाठी हॉफमान आणि बॉइटलर यांना २०११ चं नोबेल मिळालं. भाताचं रोप आणि सस्तन प्राणी शत्रूची चाहूल घ्यायला इतक्या मिळत्याजुळत्या रचना वापरतात, ही गोष्ट आमच्या पिढीनं महाविद्यालयात कधी ऐकली नव्हती.

हा पहारेकरी जीवाणूची नेमकी कोणती वस्तू ओळखतो? रोनाल्ड यांच्या गटानं २००९ साली एक उत्तर प्रसिद्ध केलं. नंतर प्रयोगशाळेत आलेल्या नव्या संशोधकांना तेच प्रयोग पुन्हा जमेनात. तपास केला तेव्हा जीवाणूंच्या काही नमुन्यांवर चुकीची नावं लागलेली निघाली, चाचणीही भरवशाची नव्हती. त्यांनी स्वतः होऊन २०१३ साली निबंध मागे घेतला आणि कारणं उघडपणे मांडली. २०१५ साली खरी वस्तू हाती आली. तिचं नाव रॅक्सएक्स, गंधकाचा अंश जोडलेलं एक छोटं पेप्टाइड. पुढे दिसलं की ते रोपाच्या स्वतःच्या एका वाढ-संप्रेरकाची नक्कल आहे. जीवाणू रोपाची भाषा बोलून आत शिरू पाहतो आणि एक्सए २१ त्याचा उच्चार पकडतं. ही नक्कल टाकून दिली तर जीवाणू सुटतो, पण त्याचा फायदाही जातो. याच कारणानं एक्सए २१ ची मुदत लांब असावी असं मला वाटतं. लांब, अमर्याद नव्हे. त्याला न जुमानणारे जीवाणू सापडलेले आहेत. शिवाय हे जनुक कोवळ्या रोपात नीट जागं नसतं. दोन-तीन आठवड्यांचा तरवा त्याच्या भरवशावर सोडता येत नाही.

मालीला यातून काय मिळालं, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. जनुकाचं एकस्व घेताना रोनाल्ड यांच्या पुढाकारानं विद्यापीठानं १९९६ साली एक निधी स्थापला, की उत्पन्न झालं तर मूळ देशातल्या विद्यार्थ्यांना त्यातून शिष्यवृत्ती द्यावी. कल्पना चांगली होती. ज्या कंपन्यांनी रस दाखवला होता त्यांनी वाण बाजारात आणलाच नाही आणि निधी अपेक्षेप्रमाणे भरला नाही.

एक्सए २१ ची ख्याती झाली, पण मला स्वतःला त्याहून चकित केलं ते एक्सए १३ नं. बीजे १ नावाच्या भारतीय वाणातलं हे जनुक अप्रभावी आहे. म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आलं तरच काम करतं. पहारेकरी अप्रभावी कसा असेल? एक आला तरी पहारा द्यायला हवा. उत्तर २००६ च्या सुमारास मिळालं: हे जनुक पहारेकरी नाहीच.

जीवाणू भाताच्या पेशीत काही प्रथिनं सोडतो. ती थेट केंद्रकात जातात, ठरावीक जनुकाच्या आरंभीच्या पट्ट्यावर बसतात आणि ते जनुक चालू करतात. त्यांचं एक आवडतं गिऱ्हाईक म्हणजे स्वीट ११, पेशीतली साखर बाहेर सोडणारं जनुक. मालकाची खोटी सही केलेली चिठ्ठी कोठीवाल्याला दाखवावी आणि त्यानं मुकाट पोती सोडावीत, तसं रोप स्वतःची साखर जीवाणूपुढे वाढतं. एक्सए १३ असलेल्या भातात साखरेचं जनुक धड आहे, फक्त त्याच्या आरंभीच्या पट्ट्यातली अक्षरं बदललेली आहेत. चिठ्ठी लागूच होत नाही. जीवाणू पेशींजवळ पोचतो आणि उपाशी राहतो. एका बाजूचा पट्टा जुनाच असेल तर तिथून साखर वाहतेच, म्हणून दोन्ही बाजू बदललेल्या हव्यात. हेच स्वीट ११ परागकणांनाही लागतं. ते मुळापासून मोडलं तर दाणे भरत नाहीत. निसर्गानं जनुकाला हात न लावता फक्त आरंभीचा पट्टा बदलला, हे रोपाचं आणि आपलंही नशीब.

तिसरं एक्सए ५, तेही अप्रभावी. जनुकांचं वाचन सुरू करणाऱ्या यंत्रणेतल्या एका छोट्या प्रथिनाचं हे जनुक. त्यात एकोणचाळिसाव्या जागी व्हॅलिनऐवजी ग्लुटामिक आम्ल आलं आहे. एवढ्या फरकानं जीवाणूच्या प्रथिनांना त्या यंत्रणेवर पकड मिळत नाही, आणि भाताचं स्वतःचं काम मात्र चालू राहतं.

आता मघाचा आकडा आठवा. एका पानात कोट्यवधी जीवाणू. समजा, एखादा अडथळा ओलांडणारा बदल दहा लाखांत एका जीवाणूत होतो. मग एक अडथळा म्हणजे काहीच नाही, एका पानातच तो ओलांडणारे निघतील. पण तीन अडथळे, तेही तीन वेगळ्या तऱ्हेचे, एकाच जीवाणूनं एकाच वेळी ओलांडायचे, तर दहा लाखांना दहा लाखांनी दोनदा गुणा. हा हिशेब ढोबळ आहे, खऱ्या शेतात गोष्टी इतक्या सुट्या नसतात. तरी दिशा बरोबर आहे.

याच विचारातून हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणवीय जीवशास्त्राच्या संस्थेनं आणि तिथल्याच भात संशोधन संचालनालयानं मिळून एक काम केलं. रमेश सोंटी आणि आर. एम. सुंदरम ही त्यातली प्रमुख नावं. सांबा मसुरी, म्हणजे बापटल्याचं बीपीटी ५२०४, १९८६ पासून शेतात असलेला बारीक दाण्याचा वाण. खायला उत्तम, कडा करप्याला मात्र चटकन बळी पडणारा. त्यात त्यांना तिन्ही जनुकं घालायची होती आणि भाताची चव जराही हलवायची नव्हती.

अडचण कुठं होती ते पाहा. संकराच्या पिढीत शेकडो रोपं उभी आहेत. कात्री लावली, चौदा दिवसांनी पट्टा पेरभर. पण हे रोप एकट्या एक्सए २१ मुळे वाचलं की तिन्हींमुळे, हे पट्टी सांगू शकत नाही. एक्सए २१ बाकीच्या दोघांना झाकून टाकतं, आणि ते दोघे अप्रभावी असल्यामुळे अर्धे असले तर दिसतच नाहीत. डोळ्यांनी निवड करणारा कसलेला पैदासकारही इथं हतबल. म्हणून प्रत्येक पिढीत पानाचा तुकडा घेऊन त्यातल्या डीएनएवरच्या खुणा तपासल्या, तिन्ही खुणा असलेली आणि बाकी बाबतींत सांबा मसुरीच्या सर्वांत जवळची रोपं निवडली, ती पुन्हा सांबा मसुरीशी जोडली. असं चार वेळा. २००८ साली सुधारित सांबा मसुरी प्रसारित झाली. यात बाहेरून जनुक घुसवण्याचं तंत्र नाही. परागकण आणि कुंचला यांचंच काम आहे, डोळे फक्त रेणूंचे वापरले. जीएम पिकांच्या वादात अशी कामं विनाकारण भरडली जातात, म्हणून हे वेगळं सांगितलं.

माझं एक मत आहे, ते काही सहकाऱ्यांना रुचत नाही. तीन जनुकांचा वाण एका शेतात आणि शेजारी त्यांतलं एकच जनुक असलेला वाण, ही स्थिती घातक आहे. जीवाणूला तिन्ही पायऱ्या एका उडीत चढता येत नाहीत, आणि आपण त्याला शेजारच्या बांधावर पहिली पायरी बांधून देतो. एकेरी जनुकाचे वाण सोडायचेच नाहीत असा नियम हवा. बियाणं विकणाऱ्याला तो गैरसोयीचा वाटेल. पण जनुकाची मुदत ही एका शेतकऱ्याची किंवा एका कंपनीची मालमत्ता नाही. एकानं उधळली की सगळ्यांची संपते.

उधळपट्टीचं उदाहरण नको, दुर्मिळतेचं देतो. १९७० च्या दशकात तपकिरी तुडतुड्यांमार्फत पसरणारा ग्रासी स्टंट हा विषाणूजन्य रोग आग्नेय आशियात पसरला. फिलिपिन्सच्या भात संशोधन संस्थेनं सहा हजारांहून अधिक नमुने चाळले. प्रतिकार एकाच नमुन्यात मिळाला, उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या ओरायझा निवारा या रानभातात, आणि त्या नमुन्याच्याही सगळ्या रोपांत नव्हे. ते एक प्रभावी जनुक खुश यांनी आयआर ३६ मध्ये आणलं. १९८० च्या दशकात हा वाण सुमारे एक कोटी दहा लाख हेक्टरवर होता. त्याच दशकात फिलिपिन्समध्ये विषाणूचा दुसरा प्रकार दिसला, ज्याला हे जनुक अडवत नव्हतं. ज्या तळ्याकाठी, ज्या ओढ्यालगत रानभात उगवतं तिथं आपण भराव घालतो, तेव्हा त्याची किंमत कुठल्याही सात-बाऱ्यावर नोंदलेली नसते.

जनुकाशिवायही मुदत वाढवता येते. चीनच्या युनान प्रांतात १९९८ आणि १९९९ साली शेतकऱ्यांनी करप्याला बळी पडणारं चिकट भात एकट्यानं न लावता प्रतिकारक संकरित भाताच्या ओळींमधून लावलं. यातला करपा बुरशीचा, कडा करप्याहून वेगळा. चिकट भातावरचा रोग ९४ टक्क्यांनी घटला आणि त्याचं उत्पादन एकट्या लागवडीच्या तुलनेत ८९ टक्क्यांनी वाढलं. बुरशीनाशकाची फवारणीही थांबली. हजारो हेक्टरवर केलेला प्रयोग आहे हा. आपल्याकडे एक तालुका, एक वाण ही सोय गिरणीची आहे, बाजाराची आहे. ती रोगाचीही आहे.

अलीकडे साखरेच्या जनुकांचे आरंभीचे पट्टे थेट संपादित करता येऊ लागले आहेत. जीवाणू स्वीट ११ वर अडला की स्वीट १३ किंवा १४ कडे वळतो, म्हणून २०१९ साली तिन्हींचे पट्टे एकदम बदललेलं भात तयार झालं. नेमक्या त्याच सुमारास टांझानियात आशियाई वळणाचा जीवाणू साथ घेऊन उतरला. आफ्रिकेतल्या स्थानिक जीवाणूंविरुद्ध चालणारे प्रतिकार त्याच्यापुढे चालेनात. तिथल्या कोंबोका वाणात हे संपादन करून तो या दोन्ही जीवाणूंना पुरा पडतो असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. शेतातली मुदत शेतच सांगेल.

शेवटी, ज्याला अजून जनुकच मिळालेलं नाही त्या रोगाबद्दल. कारण व्याख्यानानंतर पहिला प्रश्न त्याचाच येणार. पर्णकोष करपा, पाण्याच्या पातळीजवळ खोडाच्या आवरणावर सापाच्या कातड्यासारखे डाग पाडणारा. ही बुरशी जिवंत पेशींच्या मागे लागत नाही. ती आधी पेशी मारते आणि मग खाते. बहुतेक प्रतिकार-जनुकांचा शेवटचा डाव म्हणजे लागण झालेली पेशी स्वतःहून मरू देणं. इथं तो डाव बुरशीच्याच पथ्यावर पडतो. जगभर एवढे नमुने चाळूनही संपूर्ण प्रतिकार देणारं एकही जनुक हाती लागलेलं नाही. थोडा थोडा आधार देणारे तुकडे गुणसूत्रांवर विखुरलेले सापडतात, बस.

तोवर युरिया हप्त्याहप्त्यानं द्या, लावणी दाट करू नका. आणि चिखलणी झाली की दुसऱ्या दिवशी खाचराच्या ज्या कोपऱ्यात वाऱ्यानं फेस आणि काडीकचरा लोटला जातो, तिथं वाकून पाहा. त्यात मोहरीएवढे तपकिरी दाणे तरंगत असतात, ते या बुरशीचं बियाणं. चाळणीनं काढून बांधाबाहेर खड्ड्यात पुरा. खर्च काही नाही, पहिली लागण कमी होते.